व्हीएमडी प्रकरण, भाग ३: डिस्क दिसली, पण विंडोज उठेना

०एक्स७बी (विंडोज सुरू होताना तिला स्वतःची डिस्कच सापडली नाही की येणारा एरर कोड) अखेर गेला! व्हीएमडी म्हणजे इंटेलचा डिस्क कंट्रोलर; त्याच्यामागची एनव्हीएमई एसएसडी वेगळ्या ड्रायव्हरशिवाय विंडोजला दिसत नाही. मागची नोंद पेनड्राइव्हवरच्या पीईमध्ये (इन्स्टॉलसाठीचं छोटं विंडोज) ड्रव्हलोड कमांडने तो ड्रायव्हर चढवून डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या कमांडमध्ये एसएसडी दिसू लागल्यावर थांबली होती. त्यानंतर डिस्म कमांडने विंडोजची इमेज (तयार प्रत) हाताने डिस्कवर उतरवली, बीसीडीबूट (बूटच्या नोंदी, म्हणजे बीसीडी, लिहिणारी कमांड) बिनतक्रार झालं, आणि पहिल्याच रीस्टार्टला निळा पडदा: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

संशय आधी बूटच्या फाइली असतात त्या ईएफआय पार्टिशनवर गेला. २६० एमबी, फॅट३२, सगळं जागच्या जागी. बीसीडीबूट पुन्हा चालवून पाहिलं, तरी तोच कोड. खरं तर हा निळा पडदा येतो म्हणजेच बूटलोडरने आपलं काम केलेलं असतं. तो डिस्क वाचतो फर्मवेअरच्या आधाराने, त्याला विंडोजचा ड्रायव्हर लागत नाही. कर्नलने (विंडोजच्या गाभ्याने) ताबा घेतला की तो आधार सुटतो आणि व्हीएमडीमागची डिस्क त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय दिसत नाही. त्यामुळे या टप्प्यावर बीसीडी दुरुस्त करत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

गोम ड्रव्हलोडमध्ये होती. ड्रव्हलोड ड्रायव्हर चढवतो तो फक्त चालू पीईमध्ये, म्हणजे रॅममध्ये. उतरवलेली इमेज कोरीच राहते. नेहमीच्या सेटअपमधलं 'लोड ड्रायव्हर' बटण तोच ड्रायव्हर नव्या विंडोजमध्येही पोचवतं, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

पुन्हा इन्स्टॉल करायची गरज पडली नाही. पेनड्राइव्हवरून पीई, परत ड्रव्हलोड, मग डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम'. ही पायरी गाळू नका: इमेज उतरवताना विंडोजला डब्ल्यू हे अक्षर दिलं होतं, या खेपेला तेच पार्टिशन सी म्हणून आलं, कारण पीई आधीची अक्षरं लक्षात ठेवत नाही. मग डिस्मला इमेज म्हणून ते पार्टिशन आणि ॲड-ड्रायव्हरला व्हीएमडीचा फोल्डर, सोबत रिकर्स (आतले फोल्डरही शोधण्याचा पर्याय). खात्रीसाठी गेट-ड्रायव्हर्स: यादीत ओईएम०.आयएनएफ, मूळ नाव आयएस्टॉरव्हीडी.आयएनएफ, क्लास स्कझीअडॅप्टर. ही ओळ दिसली आणि पुढचं बूट थेट भाषा निवडायच्या पडद्यावर!

फोल्डरमध्ये सुटा आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती देणारी फाइल) हवा, नुसती सेटअपआरएसटी.ईएक्सई (इंटेलचा ड्रायव्हर इन्स्टॉलर) ठेवून काही होत नाही. तिला 'एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स' हा पर्याय देऊन फाइली बाहेर काढा. आवृत्ती अंदाजाने घेऊ नका. लाइव्ह लिनक्सवर एलएसपीसीआय -एनएन चालवा, त्यात व्हीएमडीचा हार्डवेअर आयडी कळतो: इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉप चिपला ८०८६:९ए०बी दिसेल, बाराव्या पिढीला ४६७एफ. आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून तोच आयडी शोधा. सापडला नाही तर आवृत्ती कितीही नवी असो, उपयोग शून्य. आपोआप ड्रायव्हर शोधून देणाऱ्या 'पॅक'वाल्या टूल्सच्या नादी अजिबात लागू नये.

पुढचा बेत व्हीएमडी बंद करण्याचा होता. एकच एसएसडी असेल आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) नको असेल तर माझं मत अजूनही तेच, कारण मग विंडोजचा स्वतःचा स्टॉरएनव्हीएमई ड्रायव्हर पुरतो. काही एसर मॉडेलांत बायोसच्या मेन टॅबवर कंट्रोल+एस दाबल्यावरच हा पर्याय उघडतो. विंडोज आधीच बसलेलं असेल तर बीसीडीएडिटने (बूटच्या नोंदी बदलणाऱ्या कमांडने) सेफ मोड लावा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या आणि नंतर सेफबूटची नोंद काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

पण हे लिहितानाच सुचलं: ड्रायव्हर थेट पेनड्राइव्हवरच्या बूट.विम (पीईची इमेज) आणि इन्स्टॉल.विम (विंडोजची इमेज) दोन्हींत घालून ठेवला तर ड्रव्हलोडच नको. बूट.विममध्ये दोन इंडेक्स (वेगवेगळ्या इमेज) असतात, सेटअप दुसऱ्यातून चालतो, त्यामुळे निदान तो तरी हवाच. अडचण एवढीच की इन्स्टॉल.विम ४ जीबीच्या वर गेली की फॅट३२ पेनड्राइव्हवर मावत नाही. तिचे ३८०० एमबीचे एसडब्ल्यूएम (विभागलेली विम) तुकडे करून बघतो. सेफ मोडचा बेत तोवर मागे.