एचिंग म्हणजे पोस्टर नव्हे: स्पेनहून चित्र मागवताना कस्टम्समध्ये आलेला अनुभव

परदेशातून एचिंग (धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून काढलेलं छापचित्र) किंवा लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेलं चित्र) मागवायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी गॅलरीकडून एक कागद मागून घ्या. प्लेटवरचं सगळं काम कलाकाराने स्वतःच्या हाताने केलं आहे, आणि छापताना कुठलीही यांत्रिक किंवा फोटोमेकॅनिकल (फोटोवरून प्लेट बनवण्याची) पद्धत वापरलेली नाही, असं त्यावर सरळ शब्दांत लिहिलेलं हवं. माझ्या पार्सलसोबत तो नव्हता, आणि माझं चित्र कस्टम्सच्या गोदामात आठवडेच्या आठवडे पडून राहिलं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चित्र लहानसं आहे. टेबलाच्या कडेला ठेवलेली दोन मेम्ब्रीयो, म्हणजे स्पेनमध्ये शरद ऋतूत पिकणारी पिवळी, अंगाने ओबडधोबड फळं, आणि मागे अॅल्युमिनियमचं एक भांडं. चित्रकार माद्रिदचा, हयात आणि कामात असलेला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण पुढच्या भानगडीशी त्याचा काही संबंध नाही. एकूण ७५ छाप काढलेले, माझ्याकडे आला तो ३४/७५, खाली पेन्सिलने सही.

रोजच्या वापरातल्या वस्तू हुबेहूब रंगवणाऱ्या स्पॅनिश चित्रकारांची ओढ मला २०२४ मध्ये लागली. माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात तेव्हा इसाबेल किंतानिया (१९३८–२०१७) यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. काचेचा साधा ग्लास, शिलाई मशीन, स्वयंपाकघराचा कोपरा, एवढ्याच गोष्टी. पण त्यांच्यासमोरून पाय निघत नव्हता. त्यांच्याच पिढीचे आन्तोनियो लोपेस, १९३६ साली तोमेयोसोला जन्मलेले. माद्रिदच्या ग्रान व्हिया रस्त्याचं एक चित्र ते १९७४ ते १९८१ अशी सात वर्षं रंगवत होते. फळं आणि भांडी इतक्या निष्ठेने पाहण्याची स्पेनमधली परंपरा तर थेट सतराव्या शतकातल्या सांचेस कोतान आणि सुर्बारान यांच्यापर्यंत मागे जाते. यांपैकी कुणाचं तैलचित्र घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. एचिंग मात्र नोकरी करणाऱ्या माणसाला पैसे साठवून घेता येतं. मी तसंच घेतलं.

निवड, पैसे पाठवणं, स्पेनमधून पार्सल निघणं, यात काहीच अडचण आली नाही. गॅलरीतल्या बाई फार नीटनेटक्या होत्या. गॅलरी स्वतः युरोपीय संघाबाहेर माल पाठवत असेल तर स्पेनचा २१ टक्के व्हॅट बिलात लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं. ही रक्कम लहान नाही. (शेजारच्या फ्रान्समध्ये कलाकृतींवर ५.५ टक्के आणि स्पेनमध्ये २१; स्पेनमधले गॅलरीवाले यावरून चिडलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.) शंभर वर्षांहून जुनी वस्तू स्पेनबाहेर न्यायला तिथल्या सरकारची परवानगी लागते, पण हयात कलाकाराच्या नव्या छापाला ती लागत नाही. म्हणजे तिकडची बाजू साफ होती.

पार्सल भारतात उतरलं आणि कुरियर कंपनीच्या कर्मचाऱ्याने संगणकात वर्णन भरलं: ‘छापील पोस्टर, एक नग’. बिलावर ‘मूळ एचिंग, क्रमांकित, स्वाक्षरीसह’ असं इंग्रजीत छापलेलं होतं, तरीही. पोस्टर म्हटल्यावर कस्टम्सला किंमत खटकली. एका पोस्टरला एवढे युरो कसे? संशय घेणं त्यांचं कामच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शंका उपस्थित झाल्यावर ती दूर करायची कुणी, हे कुणीच सांगेना. कुरियरच्या कॉल सेंटरला फोन केला की ‘कस्टम्सकडे प्रलंबित’ एवढंच उत्तर. ईमेल केला की आधार आणि पॅन पुन्हा पाठवा. पाठवले. पुन्हा तोच ईमेल.

शेवटी मी स्वतः गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, पंच्याहत्तर कॉप्या काढल्यात ना? मग ओरिजिनल कसं म्हणता?”

हा प्रश्न मला त्यानंतर प्रत्येक टेबलावर ऐकावा लागला. एका ठिकाणी तर पुरातत्त्व खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र आणा म्हणाले. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा मुख्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत यासाठी आहे. माझं चित्र नवं, आणि देशात येत होतं. मी हे शांतपणे सांगितलं. मनातून शांत नव्हते. दरम्यान गोदामाचं भाडं चढत होतं, आणि पावसाळी हवेत तो सुती कागद कुठल्या कोपऱ्यात पडला असेल या विचाराने झोप लागत नव्हती.

तो प्रश्न मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो फक्त खिडकीवरचा नाही. आपल्याकडे छापील चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती येते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना. ती चित्रं मला प्रिय आहेत, आजोळी देवघरात होती. पण त्यांच्यामागे एक रंगवलेलं मूळ चित्र असे आणि कारागीर ते दगडांवर उतरवून छापत. एचिंगच्या मागे असं दुसरं चित्र नसतं. कलाकार तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर चढवतो, सुईने त्यात रेघा ओढतो, पत्रा आम्लात बुडवतो. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खाऊन खोल करतं. मग शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून प्रेसच्या रुळाखालून पत्रा काढायचा. प्रत्येक छापाला पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. चित्र पहिल्यांदा दिसतं ते कागदावरच, आणि म्हणून पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर मूळच. ठरलेले छाप निघाले की पत्र्यावर आडव्या रेघा ओढून तो बाद करण्याची पद्धत आहे, म्हणजे पुढे कुणी गुपचूप जास्त काढू नये. आणि ३४ हा आकडा म्हणजे चौतिसावा निघाला असंही नसतं. छाप वाळल्यावर गठ्ठ्यातून क्रमांक टाकले जातात.

जगभरच्या कस्टम्सलाही हे मान्य आहे. आपल्या टॅरिफमध्ये, म्हणजे आयात शुल्कासाठी केलेल्या मालाच्या वर्गवारीत, ९७०२ हा वेगळा शीर्षक क्रमांक आहे: मूळ एनग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ. प्रकरण ९७ च्या टिपेत व्याख्याही दिलेली आहे. कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या एक वा अनेक प्लेटांवरून थेट काढलेले छाप, काळे-पांढरे किंवा रंगीत, पद्धत आणि साहित्य कुठलंही असो, मात्र यांत्रिक किंवा फोटोमेकॅनिकल प्रक्रिया वगळून. पोस्टर आणि इतर छापील चित्रं ४९११ मध्ये जातात. मूळ कलाकृतींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून कुठल्या रकान्यात टाकतात यावर तुमचा खर्च ठरतो. मला मात्र पैशांहून जास्त हे लागलं होतं की एका माणसाने हाताने केलेल्या कामाची सरकारी कागदावर ‘पोस्टर’ अशी नोंद राहणार.

सांगायचं राहिलं: तुमचं पार्सल आलं की वर्णनाचा मसुदा दाखल होण्याआधी मागून बघा. कुरियरवाले आपणहून दाखवत नाहीत, मागितला तर मिळतो. एकदा चुकीचं वर्णन दाखल झालं की दुरुस्तीला फार वेळ जातो.

तोडगा निघाला तो मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत प्रिंटमेकिंग शिकलेल्या एका मैत्रिणीमुळे. ती म्हणाली, वाद घालू नकोस, त्यांच्याच व्याख्येच्या शब्दांत पत्र लिही. मी एक पानी अर्ज लिहिला. वर शीर्षक क्रमांक, खाली टिपेतला मजकूर जसाच्या तसा, आणि त्यातल्या प्रत्येक अटीसमोर माझ्याकडचा पुरावा. गॅलरीतल्या बाईंना रात्री फोन केला. त्यांनी छापणाऱ्या कार्यशाळेकडून लेखी निवेदन मिळवलं: तांब्याचा पत्रा, एचिंग आणि अॅक्वाटिंट (रेघांऐवजी सलग छटा उमटवणारी एचिंगचीच पद्धत), काम कलाकाराच्या हातचं, ७५ छाप अधिक काही कलाकार-प्रती (कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेले छाप), पत्रा बाद केलेला. स्पॅनिशसोबत इंग्रजी मजकूरही त्यांनी दिला. अर्ज मी कुरियर कंपनीकडे न देता क्लिअरन्स एजंटामार्फत, म्हणजे कस्टम्सचं कागदोपत्री काम करून देणाऱ्या माणसामार्फत, थेट अधिकाऱ्यांकडे पोचवला आणि वर्णन दुरुस्त करण्याची व तपासणीच्या वेळी हजर राहण्याची परवानगी मागितली.

तपासणीला आलेले अधिकारी वयाने मोठे होते. मी सुती हातमोजे आणि एक जाड भिंग घेऊन गेले होते, हे तुम्हीही करा. ऑफसेटवर छापलेलं पोस्टर भिंगाखाली धरलं की रंगांच्या ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. एचिंगमध्ये तशी जाळी नसते. रेघेत शाई भरलेली दिसते, आणि अॅक्वाटिंटच्या छटेत वेडेवाकडे, विखुरलेले कण. मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरला की पत्र्याच्या कडांचा दाब कागदात खोलगट उमटलेला स्पष्ट दिसतो. मी आधी त्यांच्याच टेबलावरचं रंगीत कॅलेंडर भिंगाखाली ठेवलं, मग माझं चित्र. साहेबांनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ फळांच्या सालीवरून फिरवत राहिले. मग म्हणाले, “हे हाताचंच काम आहे.” ९७०२ मध्ये नोंद झाली. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो चित्र विकत घेतानाही वाटला नव्हता.

खर्चाचा अंदाज बांधताना लक्षात ठेवा, शुल्क नुसत्या चित्राच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागतं, आणि युरोचा दर तुमच्या बँकेचा नसून कस्टम्सने जाहीर केलेला असतो. चित्र नळीत गुंडाळून मागवू नका. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट मागवा, कारण उघडून पुन्हा गुंडाळताना कागद दुमडतो आणि कस्टम्सकडे ते काम कुणीही करू शकतं. माझं सपाट होतं म्हणून वाचलं. घरी आल्यावर पार्सल लगेच फोडू नका, एक दिवस खोलीत राहू द्या.

फ्रेमवाल्याला चित्र सोपवून निघून येऊ नका. आमच्याकडच्या पहिल्या दुकानदाराने कडेचा ‘जास्तीचा’ पांढरा कागद कापून चित्र पुठ्ठ्यावर चिकटवतो म्हणून सांगितलं. मी चित्र उचललं आणि बाहेर पडले. समास कापला की छापाची किंमत आणि ओळख दोन्ही जातात. अॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घ्या, त्याची खिडकी एवढी मोठी ठेवा की पत्र्याची खूण, क्रमांक आणि सही तिन्ही दिसतील. कागद मागे फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने अडकवायचा, म्हणजे पाण्याने पुन्हा सोडवता येतो. काच चित्राला टेकता कामा नये. पावसाची ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, बुरशीचे तपकिरी डाग पडले तर सहज निघत नाहीत.

कार्यशाळेचं निवेदन आणि प्रमाणपत्र फ्रेमच्या पाठीला चिकटवण्याची पद्धत आहे, मी दोन्ही वेगळी फाइलमध्ये ठेवली आहेत. सोबत कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाच्या नोंदीचा कागद) आणि शुल्क भरल्याची पावतीही. पुढे कधी चित्र प्रदर्शनासाठी बाहेर पाठवायचं किंवा विकायचं झालं, तर ते रीतसर देशात आलं याचा पुरावा तोच. माझ्या अर्जाचा नमुना मी क्लिअरन्स एजंटाकडे ठेवला आहे. गेल्या महिन्यात त्याने तो दुसऱ्या कुणाच्या लिथोग्राफसाठी वापरला, आणि ते पार्सल न अडकता सुटलं.