आवाज वेगळा, वास वेगळा

पादण्याचा विषय काढला की लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, "पण वासाचं काय करायचं हो?" रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मला याची लाज वाटत नाही.

आतड्यातल्या वायूचा जवळजवळ ९९ टक्के भाग नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि काहींच्या पोटात मिथेन यांचा. यांतल्या एकालाही वास नसतो. (हो, मिथेनलाही नाही. वर्गात यावर हमखास वाद व्हायचा.) सगळी बदनामी उरलेल्या चिमूटभर गंधकयुक्त वायूंमुळे, त्यांतही हायड्रोजन सल्फाइडमुळे. १९९८ साली अमेरिकी पोटविकारतज्ज्ञ मायकेल लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी १६ निरोगी माणसांचा वायू गोळा केला आणि तो दोन परीक्षकांना हुंगायला दिला. गंधकाचे वायू जास्त, तिथे दुर्गंधी जास्त. परीक्षकांची नेमणूक कशी झाली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सरसकट "कडधान्यं सोडा" हा सल्ला मला पटत नाही. कडधान्यांनी वायू वाढतो, पण त्यातला बहुतेक बिनवासाचा. गंधक येतं ते अंडी, मांस, कांदा-लसूण, कोबी, फ्लॉवर यांतून. आमच्या चिरंजीवांनी जिम लावली, प्रोटीन पावडरचा भला मोठा डबा घरात आला आणि त्याच्या खोलीत जाणं अवघड झालं. पचनातून निसटलेली प्रथिनं मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या हाती लागतात, मग ते गंधक मोकळं करतात. डबा टाक म्हटलं असतं तर ऐकलं नसतं. मात्रा कमी कर, जोडीला तंतुमय पदार्थ हळूहळू वाढव, एवढंच सांगितलं. खोली आता सुसह्य आहे.

बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवा. मळ जितका रेंगाळतो तितका जीवाणूंना वेळ मिळतो.

औषधांचं म्हणाल तर गॅसवरच्या गोळ्यांत असतं ते सिमेथिकोन फक्त बुडबुडे एकत्र आणतं, वासाला हातही लावत नाही. बिस्मथ सबसॅलिसिलेट मात्र हायड्रोजन सल्फाइडला खरोखर बांधून ठेवतं. त्याने मळ काळा होतो, घाबरू नका. पण ते रोज घ्यायचं औषध नव्हे, आणि मुलांना किंवा ॲस्पिरिन न चालणाऱ्यांना तर देऊच नये.

वास अचानक बदलला आणि सोबत जुलाब, घटतं वजन किंवा मळातून रक्त असेल, तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.