खानदेशात साहित्य-प्रकल्प घेऊन जाताय? गाडीवाल्याचं पॅकेज घेऊ नका

जळगावला मुलांचा प्रकल्प घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनो, 'साहित्यदर्शन' म्हणून जे पॅकेज गळ्यात मारतात ते घेऊ नका. आम्हाला दोन गाड्यांचे दिवसाचे साडेसात हजार लावले. पदरात पडलं काय, तर पाट्यांसमोरचे फोटो आणि जागोजागी 'चला, उशीर होतोय'. वर आसोद्याहून भादलीला न्यायचे जास्तीचे पैसे मागितले, तेही भर उन्हात, मुलं रस्त्यावर उभी असताना. सगळं आधी ठरलेलं होतं! आसोदं जळगावला खेटून आहे, एसटीने किंवा रिक्षाने आरामात जाता येतं. भाडं मात्र बसण्याआधीच ठरवा.

पैशांपेक्षा चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. 'खानदेश म्हणजे अहिराणी' असं छातीठोक सांगून याच गाडीवाल्याने मुलांना अहिराणी शब्दांची यादी दिली होती. मुलांनी ती पाठ केली, प्रश्नावली त्यावर बेतली. आसोद्यातल्या आजीबाईंनी दोन प्रश्न ऐकले आणि म्हणाल्या, "हे तिकडलं, धुळ्याकडलं." अहिराणी पश्चिमेला, अमळनेर-धुळे पट्ट्यात. आसोदं, भुसावळ, यावल, रावेर या बाजूला लेवा गणबोली. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आसोद्याच्याच लेक, त्यांची कविता या बोलीतली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं म्हणून ते टिकलं, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे तुमची मुलं वही घेऊन जे करणार आहेत, तेच काम त्या घरात आधी झालंय. त्यांना हे जाण्याआधी सांगा, कामाकडे बघण्याची नजरच बदलते.

ओव्या गोळा करायच्या तर अख्खा वर्ग एका ओसरीवर नेऊ नका. आम्ही गेलो तेव्हा आजी पदर तोंडाला लावून गप्प बसल्या. संध्याकाळी फक्त तीन मुली परत गेल्या. एकीने कोपऱ्यातल्या जात्याचा खुंटा धरून ते सहज फिरवलं, तशा आजी उठल्याच. "रिकामं जातं फिरवू नये!" मूठभर ज्वारी घातली, मुलीच्या हातावर हात ठेवला आणि ओवी सुरू. माहेर, भाऊ, विठ्ठल, एकामागून एक. त्या मुलींचे चेहरे बघायला हवे होते! 'गाणं म्हणा' असं म्हणू नका, 'हळदीला काय म्हणायच्या?' असं विचारा. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या आणि पंखा बंद करा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते.

भादली स्टेशनाजवळ ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली गेले. मुलांना रुळांजवळ फोटो हवे असतात. अजिबात नाही. हा मुंबई-भुसावळ मार्ग आहे, गाड्या सतत धावतात. फलाटावर उभं राहून त्यांची एक कविता वाचा आणि निघा. पायी जायचा विचारही करू नका, आम्हाला त्या रस्त्यावर सावली मिळाली नाही, उन्हाने दोन मुलं आडवी झाली. बालकवींचं जन्मगाव धरणगाव आणि साने गुरुजी जिथे शिक्षक होते ते अमळनेर, दोन्ही सुरत मार्गावर आहेत. रेल्वेने जा, काही त्रास नाही.

एप्रिल-मे साफ टाळा, पारा पंचेचाळिशीला टेकतो. दिवाळीच्या आसपास बायका दिवसभर कापूस वेचायला शेतात, दारं बंद. जानेवारीत जा. तेव्हा भरताची वांगीही ऐन बहरात असतात आणि रात्री जेवणं आटोपली की आजीबाईंना बोलायला सवड असते. परतीची गाडी त्या हिशेबाने दुसऱ्या दिवशीची काढा.