पुस्तक आहे, पण त्याचं पान नाही

मामांच्या छोट्याशा प्रकाशनाची वेबसाइट मी वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, करत होतो. ब्लॉगच्या पोस्टमध्ये सरमिसळ नको म्हणून ‘पुस्तक’ असा कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे मजकुराचा स्वतंत्र प्रकार, केला. डॅशबोर्डवर पुस्तकं दिसत होती, पण लिंक उघडली की ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’. कोडमधला एकेक स्वल्पविराम तपासण्यात अख्खी संध्याकाळ गेली. खरं तर ४०४ च्या पानावर आमच्याच थीमचा (साइटच्या सजावटीचा) हेडर झळकत होता. म्हणजे मागणी वर्डप्रेसपर्यंत पोचत होती, सर्व्हर निर्दोष होता. हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

कोणता पत्ता कुठे न्यायचा याचे नियम वर्डप्रेस डेटाबेसमध्ये साठवून ठेवतं. माझा नवा टाइप त्या जुन्या नियमांत नव्हताच. सेटिंग्जमध्ये पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) उघडून काहीही न बदलता सेव्ह केलं, आणि पुस्तकं उघडली! मग मी नको तो शहाणपणा केला. नियम पुन्हा बनवण्याची आज्ञा कोडमध्ये इनिटवर, म्हणजे वर्डप्रेस दर वेळी सुरू होतानाच्या टप्प्यावर, टाकली. त्यामुळे कुणीही कुठलंही पान उघडलं की तेच काम पुन्हा. साइट रखडायला लागली. ती आज्ञा प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा कोड) सुरू करतानाच एकदा द्यायची असते, तीही आधी टाइप नोंदवून.

खरी गंमत पुढेच. मामांचा हट्ट, पत्ते मराठीतच हवेत. एके दिवशी त्यांचा फोन, “अरे, पहिल्या भागाच्या लिंकला शेवटी दोन का लावलास?”

मी काहीच लावलं नव्हतं. शीर्षकावरून बनणारा पत्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे स्लग, साठवायला २०० जागा असतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह त्यातल्या ९ खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘घाटमाथ्यावरच्या कथा भाग पहिला’ आणि ‘भाग दुसरा’ ही दोन्ही शीर्षकं ‘भाग’पाशीच तुटली होती. मामांनी दुसरा भाग आधी चढवला, त्याला कोरा पत्ता मिळाला. मग पहिला भाग आला तेव्हा तोच पत्ता पुन्हा नको म्हणून वर्डप्रेसने त्याच्यामागे दोनचा आकडा चिकटवला.

आता स्लग मी हाताने लिहितो, ‘घाटकथा-पहिला’ असा आखूड. मामांनी वाचकांना आधीच पाठवलेल्या लिंकही उघडतात, कारण जुना स्लग वर्डप्रेस लक्षात ठेवतं आणि नव्या पत्त्यावर नेऊन सोडतं.