या महिन्याचा विषय: माती

आज लेकीच्या शाळेत महिनाअखेरचं प्रदर्शन होतं. शाळा प्राथमिकच, पण चित्र, नाच, नाटक, मातीकाम सगळं गणित-भाषेच्या बरोबरीनं वेळापत्रकात. दर महिन्याला एक विषय.

टेबलावर कप मांडलेले. कान जोडताना दोन्हीकडे आधी ओरखडे काढायचे, मग पातळ चिखल लावून दाबायचं, नाहीतर वाळताना कान सुटतो, हे मला दुसरीतल्या एका मुलानं समजावलं. वर ताकीद: "नीट वाळल्याशिवाय भट्टीत ठेवायचं नाही हं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि फुटतं!" त्याचा स्वतःचा कप मात्र बिनकानाचा. सुटलेला कान त्यानं शेजारीच ठेवला होता, लपवला नव्हता. मला अख्ख्या प्रदर्शनात तोच कप आवडला.

पलीकडे टाळ्यांवर अपूर्णांक चालले होते. एका ठोक्यात दोन टाळ्या, मग चार. पाव म्हणजे किती, हे वहीच्या आधी हातांना कळतं. नाटक ठीक, जरा लांबलं. (भाषणं तर लांबलीच.)

एका पालकांनी विचारलं, "पण अभ्यास कधी घेता?" बाई हसल्या आणि त्यांना टाळ्या वाजवायला बसवलं. चारवर गाडी अडली त्यांची!

पुढचा विषय रंग. लेकीनं आत्ताच जुना शर्ट मागितलाय, खराब झाला तरी चालेल असा. माझे सगळेच त्यात बसतात म्हणे.