डिटेक्टरचा आकडा म्हणजे पुरावा नाही

हल्ली एक प्रकार सारखा बघतेय आणि खरंच जीव तुटतो. मुलं स्वतः बसून रिपोर्ट लिहितात, सबमिट करायच्या आधी भीतीपोटी, मजकूर एआयनं लिहिलाय का ते सांगणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाकून बघतात, तिथे लाल रंगात मोठा टक्का आला की हातपाय गळतात आणि मग तेच स्वतःचं लिखाण ह्युमनायझरमध्ये घालतात. म्हणजे माणसानं लिहिलेलं माणसानं लिहिल्यासारखं दिसावं म्हणून मशीनकडून बदलून घ्यायचं!

मुळात हे डिटेक्टर कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरसारखे नसतात, हेच बऱ्याच शिक्षकांना माहीत नाही. कॉपीत मूळ मजकूर समोर ठेवता येतो, हे बघ, इथून उचललंस. इथे समोर ठेवायला काहीच नसतं, सगळा अंदाज. पुढचा शब्द ओळखणं किती अवघड आहे त्या मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात, ती कमी असली आणि वाक्यं एकसारख्या घडणीची असली की संशय वाढतो. आता सांगा, साधे, ठरलेले शब्द वापरून जपून कोण लिहितं? जो परक्या भाषेत लिहितोय तोच ना! २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ डिटेक्टरना टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे, ९१ निबंध दिले, सगळे माणसांनी लिहिलेले, तरी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. हे वाचून मला प्रचंड राग आला होता, अजूनही येतो.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये डिटेक्टर काढला होता, तो एआयचा मजकूर फक्त २६ टक्के वेळा ओळखायचा आणि माणसाचा मजकूर ९ टक्के वेळा एआयचा ठरवायचा, जुलैमध्ये बंद करून टाकला. कॉलेजांत कॉपी आणि एआय तपासायला वापरलं जाणारं टर्निटिन म्हणतं, माणसाचं लिखाण एआयचं ठरवायची आमची चूक १ टक्क्याच्या आत. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं यावर सरळ हिशोब मांडला, २०२२ मध्ये आमच्याकडून ७५,००० पेपर टर्निटिनकडे तपासायला गेले, १ टक्का धरला तरी ७५० पेपरवर खोटा आळ, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचं एआय ओळखायचं फीचर बंद केलं.

आणि ह्युमनायझर काय करतो? समानार्थी शब्द घुसडतो, वाक्यं तोडतो-जोडतो, काही टूल्स तर दिसणार नाहीत अशी कॅरेक्टर्स किंवा इंग्रजी अक्षरासारखी दिसणारी रशियन अक्षरं मध्येच टाकतात. ओळखीतल्या एका मुलाचा रिपोर्ट मी ह्युमनायझरमधून काढल्यावर वाचला. त्यानं 'सॅम्पल साइझ' लिहिलं होतं त्याचं 'स्पेसिमेन मॅग्निट्यूड' झालेलं, सरळ निष्कर्षाच्या वाक्यात तीन विशेषणं आलेली. गाइडनं अर्थ विचारला तर तो गप्प, आणि जो संशय आधी नव्हता तो तिथे आला. पोराचं काम चोख होतं हो, भाषा तेवढी साधी होती. शिवाय टर्निटिननं २०२५ पासून अशी टूल्स वापरलेला मजकूर पकडायचीही सोय केलीय, त्यामुळे वाचण्यासाठी केलेला उपायच अंगाशी येऊ शकतो. उलट ज्यानं अख्खं एआयकडून लिहून घेतलंय तो चार टूल्समधून फिरवून, आकडा खाली आणून निवांत झोपतो.

शिक्षकांना मनापासून विनंती आहे, आकडा दाखवून मार्क कापू नका. मुलाला समोर बसवा, हा मुद्दा कुठून सुचला, ही पद्धत का घेतली, हा पॅरा का काढलास, एवढं विचारा, दहा मिनिटांत कळतं. आणि मुलांनो, गूगल डॉक्समध्येच लिहा, व्हर्जन हिस्टरी आपोआप राहते, कच्च्या नोट्स फेकू नका, आळ आलाच तर त्या उघडून दाखवा. पण स्वतःचं वाक्य त्या ह्युमनायझरच्या हवाली करू नका.