जित्याची खोड

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आमच्या घरी बहुधा माझ्याच नावावर जमा होते. चहाचा कप जिथे प्यायला तिथेच ठेवायचा, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा आणि चाळिशी उलटली तरी जपानी कार्टून बघत बसायचं, या माझ्या तिन्ही खोडींना आई हीच म्हण लावते. पहिल्या दोन खोडींबद्दल मला काही बोलायला तोंड नाही. तिसरीबद्दल आहे. त्या कार्टूनमध्येच मला एक मुलगी भेटली, जिने ही म्हण शब्दशः खरी करून दाखवली. तिची खोड गेली, पण त्यासाठी तिला खरोखर मरावं लागलं.

तिचं नाव सेत्सुना हिगाशी. मालिका ‘फ्रेश प्रीक्युअर’. तोएई अ‍ॅनिमेशनची, फेब्रुवारी २००९ ते जानेवारी २०१० अशी जपानमध्ये दर रविवारी सकाळी लागायची, एकूण ५० भाग. जपानीत या प्रकाराला ‘माहो शोजो’ म्हणतात, म्हणजे जादूवाली मुलगी. साचा ठरलेला असतो. शाळेत जाणारी साधी पोर, तिच्याकडे कुठूनसं येऊन टपकलेलं बोलकं पिल्लू, मग जादूची वस्तू, झालरींचा पोशाख आणि दर आठवड्याला एक राक्षस. इथलं पिल्लू टार्ट नावाचं, मुंगसाच्या जातकुळीतलं वाटणारं, आणि ते ओसाकाकडच्या बोलीत बोलतं. आपल्याकडे एखादं मुंगूस पुण्यात येऊन मालवणीत बोलायला लागलं तर जसं वाटेल, तसं. मालिका लहान मुलींसाठी आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. आई सांगतेच.

तर चार पानांच्या क्लोव्हरवरून नाव पडलेल्या एका गावात लव, मिकी आणि इनोरी या तीन मैत्रिणी राहतात आणि त्या प्रीक्युअर, म्हणजे जादूच्या बळावर लढणाऱ्या मुली, होतात. त्यांच्यासमोर उभी आहे लॅबिरिंथ नावाची दुनिया. तिथला सत्ताधीश मोबियस. लॅबिरिंथमध्ये कुणी काय करायचं, कुठे जायचं, इतकंच काय, कुणी कधी मरायचं, हेसुद्धा तोच ठरवतो. त्याच्या हाताखालच्या मंडळींची नावं दिशांवरून आहेत: पूर्वेची ईस, पश्चिमेचा वेस्टर, दक्षिणेचा साऊलर आणि नंतर येणारी उत्तरेची नॉर्था. यांचं काम एकच, माणसांना दुःखी करायचं. राक्षस सोडायचे, लोकांना रडवायचं आणि ते सगळं दुःख एका भल्यामोठ्या मापात साठवायचं. तो भरत जाणारा द्रव पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ‘पापाचा घडा भरला’ आठवलं. फरक एवढाच की आपल्याकडे घडा भरला की पापी माणसाची वेळ भरते. इथे तो भरावा म्हणून पगारी माणसं नेमलेली. (पगार मिळत असेल असं वाटत नाही. मोबियसचा एकूण कारभार पाहता नसेलच.)

ईस या कामात सगळ्यांत मन लावणारी. रुपेरी केस, काळा पोशाख, आणि मोबियसचं नाव घेताना आवाजात अशी भक्ती की ऐकणाऱ्याला संकोच वाटावा. वेस्टर कामावर असताना डोनटच्या नादी लागतो, साऊलर आपला पुस्तकात डोकं घालून असतो. ही मात्र ऑफिसमधल्या त्या एका मुलीसारखी, जी साहेबांनी न सांगितलेलं कामही करून ठेवते आणि तरी साहेबांच्या लक्षात तिचं नाव नसतं.

माणसांत वावरताना ती सेत्सुना हिगाशी होते. हिगाशी म्हणजे पूर्व. भविष्य सांगण्याचं घर चालवते आणि लवशी मैत्री करते, ती केवळ तिच्याकडची रूपांतराची जादू पळवण्यासाठी. लव ही ज्या जातीची मुलगी आहे त्या जातीला आपण ‘भाबडी’ म्हणतो आणि वर मान हलवतो. ती सेत्सुनाला चार पानांच्या क्लोव्हरचं लॉकेट देते. तिच्यासाठी धावते, थांबते, तिची वाट बघते. आणि इथे मालिकेने मला पकडलं. कार्टूनमधले खलनायक सहसा गडगडाटी हसतात. ईस हसायची कमी, चिडायची जास्त. समोरची मुलगी सारखी आनंदात कशी, हे गणित तिला सुटेना. आणि गणित न सुटलेलं पोर जसं वहीवर राग काढतं, तशी ती दर आठवड्याला गावावर राग काढायची.

मग तिला नवी, जास्त ताकदीची कार्डं मिळतात. त्या कार्डांतून निघणारा राक्षस भयंकर असतो, पण वापरणाऱ्यालाही तितक्याच वेदना होतात. ईस ती वापरते. एकदा, पुन्हा, परत. कळवळते, कोसळते आणि मोबियसचं नाव घेऊन उठते. आई त्या दिवशी मटार सोलत शेजारी बसली होती. ‘हिला कुणी घरचं नाही का गं?’ तिने विचारलं. नाही म्हटलं. ‘दिसतंय,’ म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

तेविसावा भाग जुलै २००९मधला. त्याच्या नावातच ईसचा अंत आणि नव्या प्रीक्युअरचा जन्म या दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या आहेत, त्यामुळे धक्का वगैरे काही राहत नाही. तरीही मी तो भाग किती वेळा पाहिला हे इथे लिहिणार नाही. आधीच्या भागात सेत्सुनाने आपण कोण हे लवला सांगून टाकलेलं आहे. आता दोघी पावसात भिडतात. जादूची आतषबाजी जवळजवळ नाहीच, सरळ हाताने मारामारी. लव रडत लढते, कारण तिला ईसला हरवायचंय ते सेत्सुनाला सोडवून घ्यायला. शेवटी दोघी थकून पडतात आणि ईसच्या तोंडून ते निघतं: मला तुझा हेवा वाटत होता.

बस, एवढंच. साम्राज्य, निष्ठा, राक्षस, सगळ्याच्या तळाशी हे निघालं. गल्लीत दुसऱ्याच्या घरी दिवाळीचा फराळ होतोय आणि आपण गजाला नाक लावून उभे आहोत, असं लहानपणी कधी झालं असेल तर त्या वाक्याचं वजन कळेल. आणि नेमक्या त्याच वेळी तिचं आयुष्य संपतं. मोबियसच्या लेखी ती आता निरुपयोगी, म्हणून तिच्या आयुष्याची मुदत त्याच दिवशी संपवलेली असते. ना तलवार, ना शाप. फायलीवर सही व्हावी तसं मरण. ज्याच्यासाठी वेदना सोसल्या त्याने खातं बंद केलं.

तिथून तिला परत आणते आकारुन नावाची लाल चिमुकली किल्ली, आणि ती उठते ती क्युअर पॅशन होऊन, लाल पोशाखात. चौथी प्रीक्युअर कोण, हे कोडं इतके आठवडे चाललं होतं, त्याचं उत्तर शत्रूच्या गोटात होतं. आता खोडसाळ मनाला हेही ठाऊक असतं की मधेच नवा रंग आला म्हणजे दुकानात नवी खेळणी आली. आली असतील. लहान मुलींच्या मालिका खेळण्यांवर चालतात आणि मी त्याबद्दल तोंड वाकडं करणार नाही. पण त्या खेळण्याच्या पोटात जे भरलं ते कुणी मागितलेलं नव्हतं.

मराठी माणसाला अशा गोष्टीत वाल्या कोळी आठवणारच. मलाही आठवला. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत वाल्या एकेका खुनामागे रांजणात एकेक खडा टाकतो आणि असे सात रांजण भरतात. मोबियसच्या त्या मापाचं आणि या रांजणांचं गोत्र एकच. मग नारद भेटतात, वाल्या घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात वाटेकरी होता का, आणि बायकामुलं सरळ नाही म्हणतात. मग तप, वारूळ आणि एकदम वाल्मीकी. लहानपणापासून मला त्या मधल्या काळाची उत्सुकता आहे. वारुळातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवशी त्याने काय खाल्लं? गावात गेला तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली का? ज्यांच्या घरचे खडे रांजणात होते त्यांच्याकडे तो बघू शकला का? गोष्ट तिथे थांबतच नाही, थेट रामायणाला लागते.

फ्रेश प्रीक्युअर तिथे थांबते. चोविसाव्या भागात सेत्सुना आनंदाने चौघींच्या रांगेत येऊन उभी राहत नाही. मी तुमच्यातली होऊ शकत नाही, असं म्हणून मागे सरते. किती जणांना रडवलं हे तिला ठाऊक आहे. आणि तिला सबबही नाही. पुढे याच परंपरेतल्या नंतरच्या प्रीक्युअर मालिकांत शत्रूकडून आलेल्या आणखी मुली झाल्या: २०११मधली एलेन, २०१५मधली तोवा, २०१८मधली रुरू. एलेन मुळात मांजर, रुरू तर यंत्रमानव. तोवावर शत्रूने भूल घातलेली, तिला आपण कोण हेच आठवत नव्हतं. भूल उतरली की अपराध निम्मा उतरला. सेत्सुनावर कुणी मंत्र टाकलेला नव्हता. जे केलं ते जागेपणी, पटलं म्हणून केलं. तिच्या आधीही काही जण उंबऱ्यापर्यंत आले होते. २००४च्या पहिल्या प्रीक्युअर मालिकेतला किरिया आणि २००६च्या मालिकेतल्या मिचिरू आणि काओरू या शत्रूच्या गोटातल्याच. माया लावून गेले, पण प्रीक्युअर झाले नाहीत. उंबरा ओलांडून आत आलेली पहिली हीच.

आत म्हणजे कुठे, तर लवच्या घरी. मोमोझोनो कुटुंब तिला ठेवून घेतं. बाबा विग बनवणाऱ्या कंपनीत, आई सुपरमार्केटमध्ये कामाला, असं अगदी मध्यमवर्गीय घर. सेत्सुनाचं वारूळ ते हे. वाल्याच्या घरच्यांनी पापात वाटा घेतला नाही. या घराने तो विचारही न करता ताटात वाटा दिला. मग लॅबिरिंथची ही एकेकाळची भक्त बाजारहाट शिकते, नाचायला शिकते, ‘घरी आले’ म्हणायला शिकते. तिला सिमला मिरची आवडत नाही हे कळतं तेव्हा मला तर भरून आलं. जिथे काय करायचं हेही वरून ठरतं, तिथल्या पोरीला नावड कुठून असणार? नावड असायला आधी ताटात निवड असावी लागते. आईने मात्र हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहिला. ‘बेसन पेरून केली की खातात पोरं,’ म्हणाली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या मालिकेत कंटाळवाणे भागही भरपूर आहेत. मुलींची नृत्याची तालीम मला सहन होत नाही आणि दर आठवड्याचा राक्षस पंधरा मिनिटांनी येणार हे घड्याळ न बघता सांगता येतं. शेवटी शेवटी मोबियस म्हणजे लोकांनीच बनवलेलं यंत्र निघतं, ते मला थोडं सोपं वाटलं. त्या सगळ्यातून सेत्सुना ‘मी जीव तोडून करेन’ हे तिचं ठरलेलं वाक्य म्हणत चालत राहते. ‘सेइइप्पाइ गांबारु वा.’ दुसरं कुणी इतक्या वेळा म्हणालं असतं तर मी आवाज बंद केला असता.

तिच्या नावाचा अर्थ मला फार उशिरा कळला. जपानीत ‘सेत्सुना’ म्हणजे क्षण. म्हणजे नुसता अर्थ क्षण नव्हे, शब्दच आपला आहे. संस्कृत ‘क्षण’ बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथल्या लिपीत उच्चाराबरहुकूम उतरवला गेला आणि तिथून जपानला पोचला. बौद्ध मोजमापात एका चुटकीत ६५ क्षण मावतात असं एक गणित आहे. ‘सेलर मून’ या दुसऱ्या एका जादूवाल्या मुलींच्या मालिकेत काळाच्या दारावर पहारा देणाऱ्या सेलर प्लूटोचं माणसांतलं नावही सेत्सुनाच, पण तिथे ते उघड उघड जुळवलेलं वाटतं. इथे, जिच्या आयुष्याची मुदत दुसऱ्याच्या हातात आहे अशा मुलीला लेखकांनी क्षण हे नाव दिलं. हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, तुझी ती तांबडी पोर आहे ना, तिचं नाव क्षणा. ‘मग आधीच नाही का सांगायचं,’ आई म्हणाली. ‘मी काय ते सेसुना सेसुना करत होते.’

शेवटच्या भागात मोबियस संपतो. वेस्टर आणि साऊलरही आता या बाजूला आहेत. पण लॅबिरिंथची माणसं तशीच उभी, एकसारख्या कपड्यांत, आता पुढे काय हे सांगणारं कुणी नाही म्हणून गोंधळलेली. त्यांना सांगायला सेत्सुना परत जाते. लवच्या घरातून निघते.

आईने चष्मा काढला. ‘हे काय? आत्ता कुठे रुळली होती पोर.’

‘तिचंच गाव आहे ना ते. कुणीतरी जायला हवं.’

‘ते झालं गं. पण चार दिवस माहेरी यायचं तर केवढं लांब.’

मी म्हटलं, आई, ती लाल किल्ली आहे ना तिच्याकडे, आकारुन, तिची जादूच ती. कुठूनही कुठेही पोचता येतं, क्षणात.

‘मग ठीक आहे,’ आई म्हणाली आणि माझा रिकामा कप उचलून आत गेली.